मधल्या चित्रांच्या गावात

टोकियोच्या पश्चिमेला सुगिनामी आणि नेरिमा हे दोन वॉर्ड एकमेकांना लागून आहेत. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत. दुमजली घरं, दारापुढच्या कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली, रेल्वे फाटकाची टणटण, शाळा सुटून घरी निघालेली मुलं. मुद्दाम दाखवायला न्यावं असं वरवर काहीच नाही. पण जगभर जे ॲनिमे पाहिलं जातं, त्याचा फार मोठा वाटा या गल्ल्यांमध्ये तयार होतो. एकट्या सुगिनामीत ॲनिमेशनचं काम करणाऱ्या शंभराहून अधिक लहानमोठ्या कंपन्या आहेत. कुणी एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, कुणी दुकानाच्या माडीवर. पाटी असलीच तर तळहाताएवढी.

पुण्यात ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलांना घेऊन मी नोव्हेंबरात जपानला गेले, तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ या दोन वॉर्डांसाठी राखून ठेवला होता. मुलांना अकिहाबारा हवं होतं, शिबुया हवं होतं, खेळण्यांनी आणि पोस्टरांनी भरलेली बहुमजली दुकानं हवी होती. तेही सगळं पाहिलं. पण अभ्यासदौरा म्हणून पालकांकडून पैसे घेतले असतील, तर मुलांना तयार वस्तूंपेक्षा ती वस्तू घडते कशी ते दाखवायला हवं, असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

नेरिमातल्या एका गल्लीत वळलो आणि मुलं एकदम कलकलाट करू लागली. "मॅडम, ही नोबिताची गल्ली आहे!" खरंच होती. डोरेमॉनमधल्या नोबिताचं घर नेरिमातच असल्याचं मूळ चित्रकथेत मानलेलं आहे. हंगामा चॅनेलवर हिंदीत डोरेमॉन बघत वाढलेली ही पिढी. सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणभिंत, खांबांवरचे ट्रान्सफॉर्मर, डोक्यावरचं तारांचं जाळं, वळणावरचा गोल आरसा, सगळं त्यांच्या ओळखीचं. सोलापूरच्या एका मुलीने वही काढली आणि तिथेच उभ्या उभ्या विजेचा खांब काढायला घेतला. जपानी चित्रकारांनी आपल्या खिडकीबाहेर जे दिसलं ते काढलं. सुंदर म्हणून नाही, रोजचं म्हणून काढलं. आमच्या वर्गात पार्श्वभूमी काढायला सांगितली की मुलं चेरीची झाडं आणि जपानी देवळं काढतात. सोलापुरातली चाळ, नगरमधलं एसटी स्टँड, रत्नागिरीतली गडगा घातलेली पाणंद कुणी काढत नाही. हे मी त्यांना वर्गात शंभरदा सांगितलं असेल. त्या खांबापाशी मला काहीच सांगावं लागलं नाही.

या वस्तीत ॲनिमेशन रुजलं ते १९५० च्या दशकात. १९५६ साली तोएइ या चित्रपट कंपनीने ॲनिमेशनची वेगळी कंपनी काढली आणि नेरिमातल्या ओइझुमी भागात स्टुडिओ बांधला. तिथून १९५८ मध्ये 'हाकुजादेन' आला, जपानचा पहिला रंगीत, पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये याच स्टुडिओत नोकरीला लागले. त्यांची सुरुवात झाली ती मधली चित्रं, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरून काढणारी चित्रं, काढण्यापासून. या मधल्या चित्रांबद्दल मी पुढे बोलणारच आहे, कारण माझ्या लेखी हा सगळा दौरा त्यांच्यासाठीच होता.

त्याच वर्षी, १ जानेवारी १९६३ ला, ओसामु तेझुकांचा 'तेत्सुवान आतोमु' टीव्हीवर सुरू झाला. बाहेरच्या जगाला तो 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून माहीत आहे. तेझुका नेरिमातच राहत होते, त्यांचा मुशी प्रॉडक्शन हा स्टुडिओही तिथेच. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं ॲनिमेशन करणं तेव्हा अशक्य मानलं जाई. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. तेझुकांच्या माणसांनी एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं लागली. पात्र बोलतंय तर फक्त ओठ हलवायचे. धावतंय तर मागचं चित्र सरकवायचं. एकदा काढलेली उडी जपून ठेवायची आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायची. ही काटकसर पुढे शैली झाली. स्थिर चेहरा, लांबलेला क्षण, डोळ्यांतला बदल, हे सगळं जपानी ॲनिमेशनचं वैशिष्ट्य म्हणून आपण वाखाणतो. ते पैशांच्या टंचाईतून आलेलं आहे. मात्र तेझुकांनी आपले भाग खर्चापेक्षा कितीतरी कमी किमतीला विकले आणि तूट खेळणी, चॉकलेटं, चित्रांचे हक्क यांतून भरून काढली. तो स्वस्त दर पुढे या व्यवसायाच्या मानगुटीवर बसला. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेलं. ताकादानोबाबा स्टेशनवर गाडी सुटताना आजही आतोमुची धून वाजते, आणि ती ऐकताना माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकदम येतात.

ज्या स्टुडिओने आम्हाला अर्धा दिवस दिला तो सुगिनामीतला एक लहान स्टुडिओ. बूट दारात काढून सपाता घालायच्या, आवाज खाली ठेवायचा, पडद्यांकडे कॅमेरा रोखायचा नाही. आत ओळीने टेबलं. निम्म्या टेबलांवर डिजिटल पाट्या, निम्म्यांवर काचेखाली दिवा असलेलं जुनं ट्रेसिंग टेबल, कागद अडकवायची तीन खुंट्यांची धातूची पट्टी, निळ्या आणि लाल पेन्सिली. सावलीची हद्द एका रंगाने, उजेडाची दुसऱ्या रंगाने. आणि सगळीकडे पाकिटं. टेबलावर, शेल्फात, जमिनीवर रचलेली मोठी जाड पाकिटं.

टीव्हीच्या एका भागात साधारण तीनशे कट, म्हणजे सलग दिसणारे दृश्याचे तुकडे, असतात आणि तीन ते पाच हजार चित्रं लागतात. प्रत्येक कटाचं एक पाकीट. त्यात दृश्याची मांडणी, मुख्य चित्रं, मधली चित्रं आणि टाइमशीट. टाइमशीट म्हणजे रकान्यांनी भरलेला लांब कागद. एका पानावर सहा सेकंद, म्हणजे १४४ ओळी. कोणतं चित्र कोणत्या ओळीला येणार, किती ओळी टिकणार, संवाद कुठे सुरू होणार, कॅमेरा कधी सरकणार, सगळं त्या रकान्यांत. पाकिटावर छापील चौकटी. ज्याच्या हातून ते पुढे गेलं त्याची तारीख आणि शिक्का. तीनशे पाकिटं या टेबलावरून त्या टेबलावर, या घरातून त्या घरात वेळेत पोचवणं हे प्रॉडक्शन असिस्टंटचं काम. फ्रीलान्स चित्रकार घरून काम करतात, म्हणून पूर्वी ही पोरं रात्र रात्र गाडी चालवत शहरभर पाकिटं गोळा करायची. आता बरंचसं काम फाइलींवर आलंय, तरी आम्हाला भेटलेल्या असिस्टंट तरुणीच्या डोळ्यांखालची वर्तुळं पुरेशी बोलकी होती. अख्ख्या स्टुडिओत चित्र न काढणारी ती एकटी, आणि तिच्यावाचून एकही चित्र पडद्यावर जात नाही.

मग तिथल्या ज्येष्ठ ॲनिमेटरांनी मुलांना दोन कागद दिले. पहिल्या चित्रात एक मुलगी डावीकडे बघते, दुसऱ्यात उजवीकडे. यांच्यामधलं चित्र काढा. मुलांना वाटलं, यात काय अवघड? सगळ्यांनी दोन रेघांच्या बरोबर मध्ये रेघ ओढली आणि समोर बघणारा चेहरा काढला. आजोबांच्या वयाचे ते गृहस्थ एकेक कागद बोटांत धरून भराभर उलटत होते. मुंडकं रुळावरून सरकल्यागत दिसत होतं. त्यांनी पिवळा पातळ कागद वर ठेवला आणि चार-पाच रेघांत चित्र दुरुस्त केलं. हनुवटी खाली आली, मान किंचित वाकली, पापण्या मिटल्या, केस मागे राहिले. पुन्हा कागद उलटले आणि मुलीने खरोखर मान वळवली. माणूस मान वळवताना ती सरळ रेषेत नेत नाही, खालून कमानीत नेतो, आणि त्या वेळात डोळे बहुधा मिटतात. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या बटणात नाही. ते माणसं निरखून येतं, आणि निरखणाऱ्याच्या शेजारी बसून येतं.

पिवळे कागद हे ॲनिमेशन दिग्दर्शकाच्या दुरुस्तीचे. नवख्याचं चित्र फाडून टाकत नाहीत, त्याच्यावर पिवळा कागद ठेवतात. मूळ चित्र खाली तसंच राहतं आणि नवख्याला आपलं चुकलं कुठे ते दिसतं. आमच्या कॉलेजात आता हीच पद्धत सुरू करायची असं मी तिथेच ठरवलं.

या कामाला मोल काय मिळतं? हा प्रश्न नागपूरच्या एका मुलाने थेट विचारला. मला तो थांबवायचा नव्हता. मधल्या चित्रांचे पैसे पूर्वापार नगावर मिळतात, एका चित्राला दोनशे येनच्या आसपास. जपानी ॲनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात मधली चित्रं काढणाऱ्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न ११ लाख येनच्या जवळ होतं. टोकियोत एवढ्यावर खोलीभाडं भरून राहणं जवळपास अशक्य आहे. म्हणून बरीच मधली चित्रं आता चीन, कोरिया, व्हिएतनाम, फिलिपीन्सला जातात. आणि ती तिकडे गेली की इकडे शिकणाऱ्याची पहिली पायरीच निघून जाते. ज्येष्ठांनी हे लपवलं नाही, रडगाणंही गायलं नाही. माझ्या मुलांपैकी निम्म्यांना परदेशी कंपन्यांची आउटसोर्स केलेली कामंच मिळणार आहेत. त्यांना हे माहीत असायलाच हवं.

जवळच ओगिकुबोत सुगिनामीचं ॲनिमेशन म्युझियम आहे. २००५ पासून चालू आहे, प्रवेश विनामूल्य. ॲनिमेटरची टेबलं जशीच्या तशी मांडलेली, चित्राला आवाज देऊन बघायची सोय, स्वतः चित्रं काढून हलवून बघायची सोय. मुलं तिथून निघायला तयार नव्हती.

मियाझाकींच्या घिबली स्टुडिओचं मिताकातलं म्युझियम त्या मानाने फार प्रसिद्ध, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. इनोकाशिरा बागेच्या कडेने, पिवळ्याधमक झालेल्या गिंको झाडांखालून चालत गेलो. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि त्यामुळे मुलांनी डोळे उघडून पाहिलं. सिनेमा कसा जन्मतो ते दाखवणाऱ्या खोल्यांमध्ये बरण्या भरून पेन्सिलींची थोटकं ठेवली आहेत. अंगठ्याएवढी थोटकं, टोकापर्यंत वापरलेली. एका मोठ्या फिरत्या चकतीवर मियाझाकींच्या सिनेमातल्या तोतोरोच्या बाहुल्या मांडल्या आहेत. चकती वेगाने फिरते, दिवा लुकलुकतो आणि तोतोरो उड्या मारायला लागतो. ॲनिमेशनचं सगळं तत्त्व त्या एका यंत्रात आहे.

गेम कंपन्यांमध्ये मात्र दारं घट्ट असतात. ओसाकातल्या ज्या कंपनीत आम्ही गेलो तिथे फोन दाराशीच जमा झाले, करारावर सह्या झाल्या आणि आम्ही मीटिंगच्या खोलीपलीकडे गेलो नाही. त्यात वावगं काही नाही, बाजारात न आलेला गेम ही त्यांची सगळी पुंजी असते. तरी तिथल्या डिझायनरने एक तास दिला तो मोलाचा होता. त्याने करड्या ठोकळ्यांचा एक खेळ दाखवला. पात्र नाही, रंग नाही, गोष्ट नाही, नुसता ठोकळा उडी मारतो. बटण दाबल्यापासून ठोकळा उचलला जाईपर्यंतचा वेळ एक फ्रेमने बदलला की हाताला काय फरक पडतो, ते प्रत्येकाला खेळायला लावून दाखवलं. ही उडी हाताला आवडेपर्यंत चित्रकाराला कामाला लावत नाहीत. आमची मुलं नायकाच्या चिलखतापासून सुरुवात करतात, म्हणून हा तास त्यांना लागला.

मग क्योटो, आणि तिथून लोकलने उजी. उजी हे चहाच्या मळ्यांचं आणि ब्योदोइन मंदिराचं गाव. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर जे मंदिर आहे ते हेच. निन्टेन्डो या गेम कंपनीने आपल्या जुन्या कारखान्यात उघडलेलं म्युझियम इथल्या ओगुरा भागात आहे. २ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं. या इमारतीत पूर्वी पत्ते तयार व्हायचे. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योटोत हानाफुदा नावाचे फुलाफुलांचे पत्ते विकायला सुरुवात केली, तीच ही कंपनी.

वरच्या मजल्यावर काचेआड सगळा इतिहास मांडलाय, माहितीफलक अगदी थोडे. मी मुलांना एका वस्तूपाशी थांबवलं. ताणली की लांब होणारी, कैचीसारखी प्लॅस्टिकची जाळी, टोकाला पकड. गुनपेइ योकोई नावाचा तरुण १९६५ मध्ये पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला नोकरीला लागला. रिकाम्या वेळात गंमत म्हणून त्याने हा हात बनवला. मालक हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि विकायला काढायला सांगितलं. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' बाजारात आला, दहा लाखांच्या वर खपला. याच योकोईंनी पुढे १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय' ही हातात धरून खेळायची यंत्रं घडवण्यात पुढाकार घेतला. नवी महागडी यंत्रणा शोधत बसण्यापेक्षा जुनी, स्वस्त, पूर्ण समजलेली वस्तू नव्या तऱ्हेने वापरायची, असा त्यांचा विचार होता. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत असताना गेम बॉयचा पडदा हिरवट-करडा होता. पण बॅटरी टिकायची आणि किंमत परवडायची. आमच्याकडे तसे संगणक नाहीत अशी तक्रार माझ्या वर्गात रोज होते. त्या काचेपुढे तक्रार करणारे बराच वेळ उभे होते.

उजीला जाण्याचं माझं खरं कारण वेगळं होतं. क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओचं मुख्य कार्यालय इथल्या कोहाता भागात आहे. मुशी प्रॉडक्शनमध्ये रंगकाम केलेल्या योको हात्ता लग्नानंतर या भागात आल्या आणि १९८१ मध्ये शेजारणींना हाताशी धरून टोकियोच्या स्टुडिओंसाठी सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक पत्रे, रंगवून द्यायला लागल्या. म्हणजे निव्वळ आउटसोर्सिंग. गोष्ट दुसऱ्याची, चित्र दुसऱ्याचं, आपण फक्त रंग भरायचा. तिथून ही कंपनी मधल्या चित्रांकडे, मुख्य चित्रांकडे, मग स्वतःच्या मालिकांकडे गेली. लोकांना नगावर न ठेवता पगारावर ठेवलं, स्वतःच्या घरात शिकवलं. काही गोष्टीही बाहेरून आणण्यापेक्षा लेखनस्पर्धा घेऊन स्वतः मिळवल्या. २०१८ ची 'व्हायोलेट एव्हरगार्डन' अशाच एका पुरस्कारप्राप्त कादंबरीवरून आली. २०१५ ची 'हिबिके! युफोनियम' ही शाळेच्या बँडची मालिका तर याच उजीत घडते. नदीवरचा पूल, डोंगरावरची बसायची जागा, सगळं खरं. रंग भरून देणाऱ्यांनी शेवटी आपलं गाव काढलं.

१८ जुलै २०१९ ला या कंपनीच्या फुशिमीतल्या स्टुडिओत एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली. ३६ जण गेले. त्यात मोठे दिग्दर्शक होते, अख्ख्या पिढीला चित्र शिकवणारे योशिजी किगामी होते, आणि नुकतीच कामाला लागलेली मुलंमुलीही होती. स्टुडिओची जागा वस्तीत आहे. तिथे गर्दी करू नका अशी शेजाऱ्यांची विनंती असल्यामुळे आम्ही गेलो नाही. उजीत नदीजवळच्या बागेत २०२४ च्या जुलैमध्ये स्मारक उभं राहिलंय, ३६ पक्ष्यांचं. मुलांनी फुलं ठेवली. माझ्यासोबतची काही मुलं गेलेल्यांपैकी सर्वांत लहानांच्याच वयाची होती, आणि त्या दिवशी संध्याकाळी कुणी दुकानात गेलं नाही.

आपला या सगळ्याशी काही संबंध आहे का? आहे, आणि तो पाहुण्याचा नाही. 'रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम' हा १९९० च्या दशकातला चित्रपट जपानच्या युगो साको यांनी भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांच्यासोबत केला. जपानी चित्रकारांना आपल्या माणसांचं नेसणं, बसणं, नमस्कार करणं समजावून देण्यात राम मोहन यांचा मोठा वाटा होता. २०१२ च्या डिसेंबरात 'सूरज: द रायझिंग स्टार' ही मालिका आली. जपानच्या एका गाजलेल्या बेसबॉलच्या गोष्टीचा नायक त्यात मुंबईच्या गरीब वस्तीतला क्रिकेटपटू झाला. मुंबईतल्या पोराची गोष्ट त्यांनी काढली. आपण अशा गोष्टी फार कमी काढतो, याची मला मनापासून खंत वाटते. ही कला आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' नावाचा ॲनिमेशनपट केला. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केलं आहे. त्या धोरणातल्या पैशांतून यंत्रं येतील, इमारती होतील. तरुण मुलांना ज्येष्ठांच्या शेजारी वर्ष-दोन वर्षं पगारावर बसवायची सोय त्यात आधी करावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

आणि जी कॉलेजं अशा दौऱ्याचा विचार करत असतील त्यांना थोडं सांगते. घिबली म्युझियमची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्यासाठी निघतात आणि लगेच संपतात. निन्टेन्डो म्युझियमला सोडतीत नाव लागावं लागतं, अर्ज काही महिने आधी करा. मोठ्या स्टुडिओंच्या मागे न लागता सुगिनामी-नेरिमातल्या लहान स्टुडिओंना जपानी भाषेत पत्र पाठवा. मुलांना चकचकीत पोर्टफोलिओ न्यायला सांगाल, तो न्याच. पण त्याबरोबर रोजच्या स्केचिंगची वहीसुद्धा बॅगेत असू द्या. आम्हाला सुगिनामीत सगळ्यांत आधी ती वहीच मागितली गेली.